दीदींना तयार कसं करायचं: दिव्यांग मुलांच्या मदतनीसांचं ट्रेनिंग, पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

नवीन सेशन सुरू झालं की आमच्या इंदूरला दरवर्षी तेच होतं. शाळेत नाहीतर सेंटरमध्ये दोन-तीन नवीन मदतनीस लागतात, कोणी त्यांना आया म्हणतं, कोणी अटेंडंट, कोणी शॅडो, आमच्याकडे सगळ्याच दीदी, आणि त्यांना तयार करायचं काम अशा कोणावर तरी येतं ज्याने ते आधी कधी केलेलं नसतं. मग एक दिवसाचं वर्कशॉप ठेवतात, पीपीटी दाखवतात, समोसा-चहा होतो, दुसऱ्या दिवशी दीदी मुलासमोर उभी असते आणि तिला काहीच सुचत नाही. मी बरीच वर्षं हेच काम करतेय म्हणून क्रमाने लिहितेय, ज्यांच्यावर पहिल्यांदा ही जबाबदारी आलीय त्यांच्यासाठी. घरी मुलासाठी मदतनीस ठेवणाऱ्या आईबाबांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते. मुलाला मदत कशी करायची हे बहुतेक दीदींना आठवड्याभरात जमतं, त्यांनी घरी पोरं वाढवलेली असतात, म्हाताऱ्यांचं केलेलं असतं. पण हात कधी मागे घ्यायचा हे यायला महिने लागतात, आणि सगळं ट्रेनिंग खरं तर त्याच्यासाठीच असतं.

दीदी यायच्या आधी

पोलीस व्हेरिफिकेशन आणि आधीच्या कामाच्या ठिकाणी एक फोन, हे दोन्ही झाल्याशिवाय कोणालाही मुलांजवळ बसवू नका, ओळखीतली असली तरी नाही. मग एका कागदावर तिचं काम लिहा आणि त्याच कागदावर काय तिचं काम नाही तेही लिहा. हा दुसरा भाग लोक विसरतात. स्पेशल एज्युकेटरला भारतीय पुनर्वास परिषदेचं म्हणजे आरसीआयचं रजिस्ट्रेशन लागतं, तो कायदाच आहे १९९२ चा, आणि फिजिओथेरपी हे फिजिओथेरपिस्टचं काम. दीदीने व्हिडिओ बघून मुलाचे पाय ताणायचे नाहीत. थेरपिस्टने समोर उभं राहून दाखवलेलं आणि तिच्याकडून करून घेतलेलं तेवढंच करायचं.

प्रत्येक मुलाचं एक पान बनवा. निदान काय आहे ते त्यात सगळ्यात शेवटी लिहिलं तरी चालेल. वर काय पाहिजे तर त्याला काय आवडतं, हो कसं म्हणतो, नाही कसं म्हणतो, कशाला घाबरतो, खाताना काय सांभाळायचं, फिट येते का, औषध कोणतं, फोन कोणाला लावायचा. हे आईला समोर बसवून विचारा, फॉर्म पाठवून नाही, फॉर्ममध्ये आई "सगळं खातो" लिहिते आणि समोर बसली की सांगते की गिळताना रोज ठसका लागतो.

पहिला दिवस

लेक्चर नको. दोघी-दोघींच्या जोड्या करा आणि वरणभात मागवा. एकीने खुर्चीत बसायचं, दुसरीने उभं राहून, काही न बोलता, तिला पटापट भरवायचं. चार घासांत खोलीतलं वातावरण बदलतं. वरून येणारा चमचा कसा वाटतो, तोंडातलं संपायच्या आत पुढचा घास आला की काय होतं, हे कुणाला सांगावं लागत नाही. मग तेच परत, आता समोर बसून, सांगून, गिळेपर्यंत थांबून. व्हीलचेअरचंही तसंच, न सांगता मागून ढकला, मग सांगून ढकला.

बरेच लोक डोळ्याला पट्टी बांधून चालायला लावतात, मी ते बंद केलं. त्यातून भीती आणि दया एवढंच हाती लागतं, कारण पाच मिनिटांच्या पट्टीने वर्षानुवर्षं न दिसता वावरणाऱ्या माणसाचं कौशल्य काही कळत नाही. भरवण्याच्या खेळातून मात्र आपण मदत करणारे कसे वागतो ते कळतं, आणि बदलायचं तेच असतं.

शब्दांचं त्याच दिवशी स्पष्ट सांगा. बेचारा, पागल, लंगडा, पिछले जनम का, यातलं काही मुलासमोर नाही, मुलामागे नाही. मुलाला नावाने हाक मारायची. दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ चा आहे, त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता दिल्यात, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ च होत्या, आणि दिव्यांग व्यक्तीला लोकांसमोर मुद्दाम अपमानित केलं तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. एवढं सांगा आणि थांबा. २१ नावं पाठ करून घेऊ नका, तुमच्या वर्गात जी सहा मुलं आहेत ती सहा नीट कळली तरी खूप.

पहिला आठवडा: फक्त बघायचं

हे सगळ्यांना जड जातं, दीदीला पण आणि मॅनेजमेंटला पण, त्यांना वाटतं पगार चालू आणि काम नाही. तरी हट्टाने करा. रोज एक मूल, वीस मिनिटं, आणि नंतर दोन प्रश्न: काय दिसलं आणि काय वाटलं. सुरुवातीला सगळं "वाटलं" मध्ये असतं. हट्टी आहे, लाडावलाय, मुद्दाम करतो. मग तुम्ही विचारायचं, बरं, मुद्दाम करतो म्हणजे नेमकं काय केलं, त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं. तेव्हा हळूहळू निघतं की पंखा फुल स्पीडवर गेला की तो कान झाकतो, मग टेबलावर डोकं आपटतो, मग त्याला बाहेर नेतात आणि तो शांत होतो. म्हणजे त्याला बाहेर जायचं होतं आणि ते सांगायची त्याच्याकडे हीच एक रीत होती. आधी, मध्ये, नंतर, असे तीन रकाने वहीत पाडून द्या. लिहिता येत नसेल तर व्हॉइस नोट घ्या, मी तरी घेते, काही दीदींची निरीक्षणं आमच्या रिपोर्टपेक्षा चांगली असतात.

भाषेची भानगड

हे खास आपल्यासारख्या शहरातल्यांसाठी. घरी मराठी, दीदी हिंदी-मालवी, शाळेत थोडं इंग्रजी. बोलणारं मूल सांभाळून घेतं. पण ज्याच्याकडे एकूण दहाच शब्द आहेत त्याचं काय?

आमच्याकडे एक मुलगा होता, घर पूर्ण मराठी, आई-आजी सगळ्या मराठीत बोलणाऱ्या. जेवताना तो "नको नको" म्हणायचा. नवीन दीदीला वाटलं काहीतरी गुणगुणतोय, ती घास देत राहिली. चौथ्या दिवशी त्याने ताट भिरकावलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं की मुलगा मारका आहे. तो चार दिवस व्यवस्थित, तोंडाने, नाही म्हणत होता. दुसरी एक मुलगी, हात धुताना दीदी तिला म्हणाली "बस, बस", म्हणजे आता पुरे, आणि मुलगी ओल्या फरशीवर खाली बसली, वर बोलणी पण खाल्ली. तिने तर ऐकलं होतं, घरी बस म्हणजे बसच असतं. हे दोन्ही किस्से मी आता प्रत्येक बॅचला सांगते, कारण त्या मुलांच्या घरचे शब्द दीदींना देणं माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं.

म्हणून मुलाच्या पानावर घरचे शब्द लिहाच. हो, नको, पुरे, दुखतंय, शू, शी, भीती वाटते, आई हवी. प्रत्येक घराचे वेगळे असतात, कोणाकडे पाण्याला "मम" असतं. बाजूला दीदीला वाचता येईल अशा लिपीत अर्थ, आपली आणि हिंदीची लिपी एकच आहे तेवढं सोपं. चित्रांचा बोर्ड वापरत असाल तर चित्राखाली घरचाच शब्द लिहा आणि मोठ्याने पण तोच म्हणा. हिंदी शिकवायची असेल तर पुढे शिकेल, पण "दुखतंय" हा शब्द त्याच्यापासून हिरावून घेऊ नका.

ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी दीदीला निदान पन्नासेक खुणा आल्या पाहिजेत. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राची म्हणजे आयएसएलआरटीसीची १०,००० शब्दांची डिक्शनरी आहे, व्हिडिओ मोफत आहेत, रोज पाच खुणा दुपारच्या चहाला केल्या तरी दोन आठवड्यांत पन्नास होतात.

हात मागे घेणं

आता मुख्य. डबा उघडणं घ्या. त्याचे तुकडे करा: पिशवीतून डबा काढणं, टेबलावर ठेवणं, एका हाताने धरणं, क्लिप उचलणं, दुसरी क्लिप, झाकण काढणं, झाकण बाजूला ठेवणं. दीदींना वाटतं हे एकच काम आहे, तुकडे पाडायला लागल्या की त्यांनाच आश्चर्य वाटतं. आता शेवटून शिकवायचं. दीदीने सगळं करायचं आणि शेवटचं झाकण बाजूला ठेवणं मुलाने. ते जमलं की झाकण काढणं आणि ठेवणं मुलाचं. असं मागे मागे येत जायचं. फायदा असा की काम पूर्ण व्हायचा आनंद पहिल्या दिवसापासून मुलाला मिळतो, झाकण त्याने काढलं आणि समोर पराठा.

मदतीच्या पण पायऱ्या आहेत. सगळ्यात जास्त मदत म्हणजे मुलाचा हात धरून करून घेणं. मग नुसता कोपराला किंवा मनगटाला स्पर्श. मग स्वतः करून दाखवणं. मग बोट दाखवणं. मग काहीच नाही, नुसतं थांबणं. रोज बघायचं की काल जेवढी मदत लागली त्यापेक्षा एक पायरी कमी चालते का. बोलून सांगणं मी या ओळीत मुद्दाम घेतलं नाही. आपल्याला वाटतं तोंडाने सांगणं म्हणजे सगळ्यात हलकी मदत, पण तीच सोडवायला सगळ्यात अवघड जाते, मूल "आता क्लिप उघड, आता दुसरी" ऐकल्याशिवाय हलतच नाही, वर्षानुवर्षं. बोट दाखवलेलं हळूहळू कमी करता येतं, बोलणं बंद करणं दीदीला जमत नाही.

थांबायचं म्हणजे किती? मनात दहा मोजायचे. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसलेल्या मुलाला हात हलवायचं ठरवणं आणि हात हलणं यातच वेळ जातो, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला घाईने करून टाकतो, त्याचा प्रयत्न सुरूच झालेला असतो हो आतमध्ये. ट्रेनिंगमध्ये खरंच घड्याळ लावून दहा सेकंद शांत बसवा. किती लांब असतात ते कळतं.

हे सगळं आई-बाबांना आणि वर्गाच्या टीचरला पण सांगून ठेवा, नाहीतर दीदीची पंचाईत होते. शर्टावर भाजी सांडलेली दिसली की आई विचारते दीदी काय करत होती, वही अर्धी राहिली की टीचर विचारते, मग दीदी मुलाच्या हातात पेन्सिल धरून स्वतःच सुंदर अक्षरात वही भरते. मी असल्या वह्या पाहिल्यात, पूर्ण वर्षाच्या, एकही ओळ मुलाची नाही. मुलाच्या हातची एक वेडीवाकडी रेघ वहीत हवी हे लेखी ठरवून घ्या, सही घ्या. आणि दीदीचं काम स्वच्छ शर्टावरून मोजू नका.

उचलणं, भरवणं, बाथरूम

हा भाग करून दाखवल्याशिवाय शिकवताच येत नाही, वाचून नाही. तरी लक्षात ठेवायचं ते सांगते. उचलायच्या आधी मुलाला सांगायचं. व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लावायचे, पायठेवणी बाजूला. दीदीने कमरेतून नाही, गुडघ्यातून वाकायचं, मूल अंगाजवळ धरायचं. काखेत हात घालून किंवा दंडाला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. मूल मोठं झालं की एकटीने नाहीच, दोघी लागतातच, आणि दुसरी मिळेपर्यंत थांबायची परवानगी दीदीला असली पाहिजे. पाय ताठ झाले असतील तर जोर लावून उघडायचे नाहीत, हळू, धीराने. ज्यांना स्वतः हलता येत नाही त्यांना तासन्‌तास एकाच जागी ठेवू नका, जखमा होतात, कंबर आणि टाचा रोज बघायच्या. डाऊन सिंड्रोमच्या मुलांना डॉक्टरला विचारल्याशिवाय कोलांट्या नाहीत, काहींच्या मानेचे वरचे सांधे सैल असतात.

भरवताना मूल सरळ बसलेलं, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली, मान मागे गेलेली कधीच नाही. दीदी समोर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला. छोटा चमचा, गिळलं की पुढचा. इथे आपल्या इंदूरची एक अडचण आहे, सकाळी सगळ्यांच्या डब्यात पोहे, वरून शेव. ज्या मुलाला चावायला-गिळायला त्रास आहे त्याला कोरडे सुटे पोहे आणि शेव फार वाईट, तोंडात सगळीकडे पसरतात आणि घशात जातात. त्याला मऊ खिचडी, दलिया, कालवलेला वरणभात. सणाला प्रेमाने भरवलेल्या जिलबीच्या तुकड्याचंही तेच. खाताना खोकला, डोळ्यात पाणी, नंतर घरघर ओला आवाज, वारंवार न्यूमोनिया, यातलं काही दिसलं तर दीदीने त्याच दिवशी सांगायचं. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

बाथरूममध्ये हात लावायच्या आधी प्रत्येक वेळी सांगायचं, मूल बोलत नसलं तरी. शक्यतो मुलींसाठी बाईच. दाराला कडी नाही, पण उघडं सताड पण नाही. ग्लोव्ह्ज. कोण, कधी, कोणासोबत गेलं ते नोंदवायचं. मुली अकरा-बारा वर्षांच्या व्हायच्या आधीच पॅड बदलायचं चित्रांनी शिकवायला सुरुवात करा, त्यांच्या आईशी बोलून. बऱ्याच घरी हा विषय टाळतात आणि मग पाळीच्या दिवसांत मुलगी शाळेलाच येत नाही.

फिट आली तर

याची तालीम महिन्यातून एकदा, बाहुली किंवा सोफ्यावरची उशी घेऊन. मुलाला कुशीवर करायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं टोकदार बाजूला, घड्याळ बघायचं. तोंडात काही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. धरून दाबायचं नाही. चप्पल हुंगवणं, कांदा हुंगवणं, हे आपल्याकडे अजून करतात, प्रेमानेच करतात, पण त्याचा काही उपयोग नाही आणि श्वासाला अडथळा होतो. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एक संपून शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८. पूर्ण शुद्ध आल्याशिवाय खाणं-पिणं नाही. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि आईच्या लेखी परवानगीशिवाय द्यायची नाहीत, दिली की वेळ लिहायची.

न दिसणारं मूल असेल तर दीदीने त्याला धरायचं नाही, त्याने दीदीचं कोपर धरायचं आणि ती अर्धं पाऊल पुढे. आली की नाव सांगायचं, निघाली की सांगून निघायचं, नाहीतर ते बिचकत एकटंच हवेत बोलत राहतं. ताटात काय कुठे ते घड्याळाच्या काट्यांनी सांगायचं, बारावर भाजी, सहावर पोळी. श्रवणयंत्र पावसाळ्यात सिलिका जेलच्या डबीत.

गेर, झांक्या आणि आवाज

आवाज सहन न होणाऱ्या ऑटिझमच्या मुलांसाठी आपलं शहर वर्षातून काही दिवस फार कठीण असतं. रंगपंचमीला राजवाड्याची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, अनंत चतुर्दशीच्या झांक्या म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, दिवाळी. दीदीला आधीपासून सांगा की त्या आठवड्यात मूल बदललेलं दिसेल. आठ दिवस आधी चित्रं दाखवायची, कानावर लावायचे हेडफोन जवळ, शांत कोपरा ठरलेला. मूल कोसळलं, म्हणजे रडतंय, आपटतंय, तर त्या वेळी शिकवायचं काही नाही. बोलणं कमी, लाइट कमी, गर्दी बाजूला, शेजारी शांत बसायचं. समजावणं त्याला अजून एक आवाज होतो.

ज्यात सवलत नाही

मारणं, चिमटा, कोंडून ठेवणं, उपाशी ठेवणं, एकदाही नाही. मुलांवर शाळेत हात उचलायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. आणि पॉक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, दीदीला पण, संस्थेने गप्प बस म्हटलं तरी. चाइल्डलाइन १०९८ भिंतीवर लिहून ठेवा. न बोलणारी मुलं वागण्यातून सांगतात, अचानक एखाद्या माणसाजवळ जायला नकार, कपडे बदलताना किंचाळणं, दीदीची तीन रकान्यांची वही इथे पण कामी येते. मुलांचे फोटो दीदीच्या फोनमध्ये नाहीत, व्हॉट्सॲप स्टेटसला तर मुळीच नाहीत.

दीदीचं स्वतःचं

तिला बसायला खुर्ची द्या. खरंच, किती ठिकाणी नसते. ट्रेनिंग रविवारी ठेवलं तर त्या दिवसाचे पैसे द्या. कंबर दुखत असेल तर उचलायचं काम बदलून द्या. चुकली तर मुलांसमोर किंवा आईसमोर बोलू नका, दार लावून आधी तिला विचारा काय झालं होतं, निम्म्या वेळा आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी निघतं. आणि रिव्ह्यू मीटिंगला तिला बोलवा, दिवसाचे पाच तास मुलासोबत तीच असते, टेबलावर बाकी सगळे डिग्रीवाले आणि ती बाहेर चहा करतेय हे मला आजही बघवत नाही. जिला पुढे शिकायचंय तिच्यासाठी भोपाळच्या सीआरसीत म्हणजे दिव्यांगांसाठीच्या सरकारी केंद्रात आणि सिहोरच्या मानसिक आरोग्य पुनर्वास संस्थेत केअरगिव्हिंगच्या कोर्सची चौकशी करा.

तीन महिने झाले की डब्याच्या सुट्टीत दारापाशी दहा मिनिटं उभे राहा, दीदीला सांगून, चोरून नाही. मुलाकडे बघू नका, तिच्या हातांकडे बघा. किती वेळा पुढे गेले, किती वेळा अर्ध्यातून मांडीवर परत आले. ज्या तुकड्याला अजून पुढे जातायत, समजा दुसऱ्या क्लिपला, तो वहीत लिहा, तिला पण दाखवा, आणि सोमवारी तिथून सुरू करा.